पूजेचं लेखाशीर्ष: राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ यास अनावृत पत्र

अनुच्छेद २७ यास,



तुझ्या भावकीतल्या इतरांना पत्रांची सवय असेल. एकोणिसाव्याचं नाव घेऊन रोज कुणीतरी न्यायालयाची पायरी चढतं. एकविसाव्याच्या पोटात न्यायाधीशांनी स्वच्छ हवेपासून शांत झोपेपर्यंत सगळं बसवलं आहे. तुझा थोरला शेजारी पंचविसावा तर टीव्हीवरच्या भांडणांतून मोकळाच होत नाही. तुला मात्र फारसं कुणी विचारत नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं तुझा क्रमांक पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि पुढं जातात. म्हटलं, एकदा तुला लिहावं.

तुझं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं. एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा पंथाच्या संवर्धनासाठी, तो चालता ठेवण्यासाठी, ज्याचं उत्पन्न मुद्दाम राखून ठेवलं आहे असा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. देव आहे की नाही, श्रद्धा खरी की खोटी, असल्या वादात तू पडत नाहीस. तू पैशाचं बोलतोस, म्हणून मला आवडतोस. मी वकील नाही. अर्थसंकल्पाची पुस्तकं चाळायची खोड असलेला माणूस आहे. सरकारच्या मनात काय आहे ते कळायला मंत्र्यांची भाषणं ऐकण्यापेक्षा लेखाशीर्षं बघावीत, असं माझं मत आहे. धर्मस्वातंत्र्याच्या चार अनुच्छेदांत करदात्याच्या खिशाकडे बोट दाखवणारा तू एकटाच.

तुझा जन्म कसा झाला ते आठवतं का? मसुद्यात तुझा क्रमांक एकविसावा होता आणि घटना समितीपुढं तुझी पाळी आली ती ७ डिसेंबर १९४८ रोजी. त्याच आठवड्यात तुझ्याहून कितीतरी धिप्पाड अशी दोन वाक्यं समितीच्या दारातून परत गेली होती. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांचं म्हणणं होतं की राज्याचा कुठल्याही धर्माशी, पंथाशी काही संबंध असणार नाही, असं सरळ लिहून टाका. दुसरे हरि विष्णु कामत. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागं गेलेला हा माणूस. त्यांनी दुरुस्ती सुचवली की राज्य कुठल्याही विशिष्ट धर्माची स्थापना करणार नाही, त्याला देणग्या देणार नाही, त्याला आश्रय देणार नाही. दोन्ही फेटाळल्या गेल्या. कामत नास्तिक होते असं कुणाला वाटू नये. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी अशी दुरुस्ती त्यांनीच मांडली. तीही ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. देवाचं नाव हवं, पण देवाच्या नावावर सरकारी देणगी नको, अशी भूमिका घेणारा आस्तिक त्या सभागृहात होता, हे आज सांगितलं तर लोकांना नवल वाटतं.

कामतांचं वाक्य संमत झालं असतं तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. आश्रय नको, देणगी नको, विषय संपला. त्यांच्या जागी उरलास तू, आणि तुझ्या वाक्यात दोन पळवाटा तेव्हापासूनच होत्या. एक, कराचं उत्पन्न त्या कामासाठी मुद्दाम राखून ठेवलेलं असलं पाहिजे. दोन, धर्म 'विशिष्ट' असला पाहिजे.

पहिल्या पळवाटेचं मूळ परदेशात आहे. तुझ्यासारखं वाक्य स्वित्झर्लंडच्या १८७४ च्या राज्यघटनेत होतं. तिथं त्याला काम होतं, कारण तिथल्या अनेक प्रांतांत चर्चसाठी वेगळा कर खरोखरच घेतला जातो. कॅथलिक माणसाला प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या पगारासाठी कर भरावा लागू नये, एवढी साधी गोष्ट. आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर 'मंदिर कर' किंवा 'मशीद कर' अशा नावाची पावती कुणी फाडली? राज्याचा सगळा महसूल आधी संचित निधीत जमा होतो आणि तिथून विभागवार वाटला जातो. एकदा त्या तळ्यात पडलेल्या पैशाला कुठल्या नदीचं पाणी ते विचारता येत नाही. म्हणजे जो कर इथं कुणी लावणारच नव्हतं, त्या करावर पहारा द्यायला तुला नेमलं गेलं.

न्यायालयांनी तुला कसं वाचलं ते तुला माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. १९५४ साली एकाच वर्षात दोन निकाल आले. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात मद्रास सरकार मठांच्या उत्पन्नातून वर्गणी घेत होतं. सर्वोच्च न्यायालयानं ती वसुली दुसऱ्या कारणानं रद्द केली, पण तुझा भंग झाला असं म्हटलं नाही. हेतू धर्म वाढवण्याचा नसून धार्मिक संस्थांचा कारभार नीट ठेवण्याचा आहे, असं कारण दिलं. दुसरा खटला आपल्या मुंबई राज्याचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याविरुद्ध एका जैन देरासराचे व्यवस्थापक रतिलाल गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले होते. धर्मादाय आयुक्तांच्या प्रशासन निधीत भरायची वर्गणी हा कर नाही, ती सेवेची फी आहे, असं ठरलं. दोन्ही निकालांशी माझं भांडण नाही. हिशेब तपासायचा म्हणजे तपासनिसाचा खर्च आलाच.

खरी गोची झाली २०११ साली. हज यात्रेला सरकार विमानभाड्यात सवलत देत असे. राज्यसभेचे माजी सदस्य प्रफुल्ल गोरडिया यांनी तुझं नाव घेऊन आव्हान दिलं, की मी हिंदू आहे, मी कर भरतो आणि माझ्या कराचा काही भाग या अनुदानात जातो. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी तुझा अर्थ एका अंगानं मोठा केला. कायद्यात कराचं नाव धर्माशी जोडलेलं नसलं तरी कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर खर्च होत असेल तर तुझा भंग होईल, असं ते म्हणाले. मोठा म्हणजे किती? उदाहरण दिलं देशातल्या सगळ्या आयकराच्या २५ टक्क्यांचं. तुलनेनं थोडासा हिस्सा खर्च झाला तर हरकत नाही. याचिका फेटाळली.

हे केवळ उदाहरण होतं, रेषा नव्हती, हे मला कबूल आहे. पण सरकारी वकिलांना उदाहरणच पुरतं. व्यक्तींकडून गोळा होणारा आयकरच आता वर्षाला दहा लाख कोटी रुपयांच्या वर गेला आहे. त्याचा चौथा हिस्सा अडीच लाख कोटी. एवढे पैसे कुठलंही सरकार एका धर्मावर उधळणार नाही, उधळायचं ठरवलं तरी जमणार नाही. मग तुझ्याशी कधी गाठ पडायची? शहराबाहेरून बायपास निघाल्यावर जुन्या रस्त्यावर उरलेल्या जकात नाक्यासारखी तुझी गत झाली. फळी आहे, पाटी आहे, ट्रक मात्र दुसरीकडून जातात.

हजचं अनुदान पुढं बंद झालंच. २०१२ मध्ये न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांच्या खंडपीठानं ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं आणि सरकारनं २०१८ च्या जानेवारीत ते एकदमच थांबवलं. बरं झालं. त्या पैशाचा फायदा यात्रेकरूपेक्षा विमान कंपनीला जास्त होतो, अशी तक्रार मुसलमान समाजातूनही होत होती. मात्र ते बंद झालं त्याचं श्रेय तुला नाही.

आता पंढरपूरला येतो. तुझ्याबद्दल लिहायचं आणि पंढरपूर टाळायचं, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला शक्य नाही.

आषाढी एकादशीला पहाटे राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची महापूजा करतात. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून सोबत उभं केलं जातं आणि एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. कार्तिकीची पूजा उपमुख्यमंत्र्यांची. २०२३ साली उपमुख्यमंत्री दोन झाले, तेव्हा कार्तिकीला पूजेचा मान कुणाचा हा प्रश्न मंदिर समितीनं विधी व न्याय विभागाकडं पाठवला. क्षणभर थांबून हे वाक्य पुन्हा वाच. ज्या विभागाचं काम राज्यघटनेप्रमाणे कायदे तपासणं, त्याच्या टेबलावर विठ्ठलाला अभिषेक कोण घालणार याची फाइल. पूजेला 'शासकीय' हे विशेषण लागलं की असंच होणार.

हे सगळं कुणाच्याच डोळ्यांत खुपलं नाही असंही नाही. १९७० च्या सुमाराला समाजवादी मंडळींनी निधर्मी राज्यात सरकारी पूजा कशाला, असा आवाज उठवला आणि ती बंद पडली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक म्हणू लागले की विठ्ठल कोपला. आणि १९७३ साली वसंतराव नाईकांनी पूजा पुन्हा सुरू केली, असं पंढरपुरात सांगतात. एक घटनात्मक प्रश्न पावसानं निकालात काढला!

माझं म्हणणं नीट ऐक. देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे, कुणीही विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवावं. पंचविसावा त्यांनाही तितकाच लागू आहे. रांगेत उभं राहून ठेवावं, घरी ठेवावं. २०१८ साली मराठा आंदोलनामुळे फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत आणि 'वर्षा' बंगल्यावर त्यांनी पूजा केली. त्यानं विठ्ठलाचं काही अडलं नाही आणि राज्याचंही नाही. अडचण माणसाच्या भक्तीची नाही, पदाच्या पूजेची आहे. पद सगळ्यांचं असतं. त्या पदाच्या पगारात भेंडीबाजारच्या दुकानदाराचा जीएसटी आहे, वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा आहे, दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचा आहे आणि कुठल्याच देवाला न मानणाऱ्या माझ्या काही मित्रांचाही आहे. त्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवांची पूजा करणार नाही असं स्पष्ट आहे. त्यांच्या मुख्यमंत्र्यानं त्यांच्या वतीनं पूजा करायची म्हणजे काय?

पण याच पंढरपुरात सरकारनं केलेलं एक काम असं आहे, की त्याच्यामागं मी पूर्ण ताकदीनं उभा आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना पाऊल ठेवता आलं. त्यानंतर राज्यानं मंदिरप्रवेशाचे कायदे केले. नाडकर्णी आयोगानं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांची चौकशी केली, १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम आला आणि तो खटल्यांत अडकून पडला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या जानेवारीत बडव्यांचं अपील फेटाळलं तेव्हा चार दशकं उलटून गेली होती. मंदिरप्रवेशाच्या १९५६ च्या कायद्याचं बोट धरूनच २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शनिशिंगणापूरच्या बाबतीत बायकांना अडवता येणार नाही असं ठणकावलं. सरकारचा हात देवळाच्या दारापर्यंत गेला तो दार उघडायला. घटनाकारांनी पंचविसाव्यात मुद्दाम तेवढी वाट ठेवली होती. डॉ. आंबेडकरांना धर्माशी काडीचाही संबंध नसलेलं राज्य परवडणारं नव्हतं. जातीचा अर्धा कारभार धर्माच्याच नावानं चालत होता.

म्हणून 'राज्यानं धर्माच्या भानगडीत पडूच नये' असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. राज्याला माझं सांगणं एवढंच: दार उघडायला जा, हिशेब तपासायला जा. गाभाऱ्यात यजमान होऊन बसू नकोस, आणि जाताना आमचा पैसा दक्षिणा म्हणून ठेवू नकोस.

दक्षिणेचं म्हणशील तर हा वाद मराठी माणसाला नवा नाही. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. कंपनी सरकारनं ती प्रथा आटवत आटवत पुढं चालवली. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की या रकमेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यातल्या शास्त्री मंडळींत मोठा गहजब झाला. पण त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. सरकारच्या तिजोरीतला पैसा सगळ्या रयतेचा असेल तर तो एका वर्णाच्या पुण्यकर्मावर का जावा, हा तुझा प्रश्न तुझ्या जन्माआधी जवळपास शंभर वर्षं पुण्यात विचारला गेला होता.

आता तुझी दुसरी पळवाट, 'विशिष्ट'. तिचा उपयोग करायला सरकारं फार छान शिकली आहेत. एका धर्माला दिलं तर तू आडवा येशील, मग सगळ्यांना थोडं थोडं द्या. २०२४ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. साठीच्या पुढचे नागरिक, सर्व धर्मांचे, दरडोई ३० हजार रुपयांपर्यंत यात्रेचा खर्च सरकारचा. कागदावर तुला बोट ठेवायला जागा नाही. पण ज्याला कुठल्याच देवाच्या दारी जायचं नाही, अशा निवृत्त शिक्षकाला सरकार अजिंठा दाखवायला नेणार आहे का? सर्व धर्म म्हटलं की सगळे नागरिक आले, हा समज आपल्या राजकारणात इतका मुरला आहे की कुणी तपासतही नाही. त्याच वर्षी वारीतल्या प्रत्येक दिंडीला २० हजार रुपये देण्याची घोषणा झाली. इथं तर 'सर्व धर्म' हा पडदाही नव्हता. रक्कम किरकोळ आहे, आयकराच्या पंचवीस टक्क्यांशी तुलनाही हास्यास्पद होईल. पण शतकानुशतकं भाकरी बांधून घेऊन, वाटेतल्या गावांच्या पंगतींवर चालत आलेल्या वारीला सरकारी अनुदानाचा लाभार्थी करून टाकायचं, हा वारीवरच अन्याय आहे. नोंदणी आली, बँक खातं आलं, उद्या उपयोगिता प्रमाणपत्रही येईल. मग दिंडीचा प्रमुख कुणाच्या गाडीत बसायचा हेही कुणीतरी ठरवेल.

तुझं नाव सरकारला आठवतच नाही असं नाही. एकदा फार आवर्जून आठवलं. २००२ च्या गुजरातमधल्या हिंसाचारात शेकडो मशिदी, दर्गे, कब्रस्तानं यांची नासधूस झाली. ती थांबवण्यात सरकार कमी पडलं, तेव्हा दुरुस्तीचा खर्च सरकारनं द्यावा, असं गुजरात उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं तुला पुढं केलं. करदात्यांचा पैसा एका धर्माच्या वास्तूंवर कसा खर्च करणार? २०१७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश रद्द झाला आणि जास्तीत जास्त ५० हजार रुपये मदतीची सरकारची योजना मान्य झाली. जळालेलं पूर्ववत करून देणं म्हणजे धर्माचं संवर्धन कसं होतं ते मला आजही कळलेलं नाही. जाळपोळीत दुकान गेलं तर भरपाई द्यायची आणि प्रार्थनास्थळ गेलं तर तुझ्या आड लपायचं, असा वापर घटना समितीतल्या कुणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही. याच राज्यात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन झालं. ते निधर्मी राज्याला शोभत नाही म्हणून एकानं याचिका केली, तर २०११ मध्ये ती फेटाळून त्यालाच २० हजारांचा दंड ठोठावला गेला.

आणखी एक गोष्ट तुझ्या कक्षेबाहेर राहून गेली. पैसा उलट्या दिशेनंही वाहतो. शिर्डी संस्थान, सिद्धिविनायक न्यास यांच्यासाठी राज्यानं स्वतंत्र कायदे केले आणि विश्वस्त मंडळावर नेमणुका सरकार करतं. सत्ता बदलली की तिथले विश्वस्त बदलतात, महामंडळांवरचे बदलतात तसेच. २०१८ मध्ये शिर्डी संस्थाननं निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यायचं ठरवलं. २०२० मध्ये सिद्धिविनायकाच्या निधीतून शिवभोजन योजनेला आणि मुख्यमंत्री सहायता निधीला प्रत्येकी पाच कोटी गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. कालवे हवेत, गरिबाला थाळीही हवी. पण भाविकानं दानपेटीत टाकलेला रुपया सरकारच्या योजनेत जाणं हा कुठल्याही नावानं करच झाला की. हिंदुत्ववादी मंडळी 'आमचीच देवळं सरकारच्या ताब्यात का' असं विचारतात. त्यांचं 'आमचीच' हे चूक आहे. वक्फ मंडळ कायद्यानंच बनलं आहे, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे, गोव्यात पोर्तुगिजांच्या काळच्या नियमावलीप्रमाणे देवस्थानांच्या कारभारावर मामलेदाराची नजर असते. पण 'का' हा प्रश्न चूक नाही. सरकारला देवस्थान चालवायला दिलं की देवस्थान पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा होते, हे आम्ही रोज बघतो.

आणि तुझ्या घरातच एक विसंगती आहे, ती तुझ्या कानावर घालतो. तुझ्यापुढं २९०-क नावाचा अनुच्छेद आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलेला. त्याप्रमाणे केरळच्या संचित निधीतून दर वर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला आणि तमिळनाडूच्या निधीतून १३ लाख ५० हजार रुपये तिथल्या देवस्वम निधीला द्यावेच लागतात. हा खर्च 'भारित' आहे, म्हणजे विधानसभेला त्यावर मतदानही करता येत नाही. संस्थानं विलीन होताना दिलेल्या शब्दाची ती परतफेड होती, हे खरं. संस्थानिकांचे तनखे असेच शब्द देऊन ठरले होते, ते १९७१ मध्ये गेले. देवस्वम राहिले.

मग सरकारनं करायचं तरी काय, वारीला पाणी नाही द्यायचं? असं विचारणारे मला भेटतातच. द्यायचं. मी एकच कसोटी लावतो. याच जागी इतकीच माणसं धर्माच्या कामाशिवाय जमली असती, तर सरकारनं हा खर्च केला असता का? वारीच्या वाटेवरची शौचालयं, टँकर, फिरते दवाखाने, पोलीस: केला असता. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरचे मंडप आणि पाणी: केला असता. माउंट मेरीच्या जत्रेला बेस्टच्या जादा बस, जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळचे रस्ते आणि दिवे, २०२७ च्या नाशिक कुंभातले घाट आणि पूल: केला असता, आणि करायलाच हवा. माणसं चेंगरून मरू नयेत ही सरकारची जबाबदारी आहे, ती कशासाठी जमली याच्याशी तिचा संबंध नाही. दिंडीचं अनुदान या कसोटीवर टिकत नाही. यात्रेचं तिकीट टिकत नाही. महापूजा टिकत नाही. गोव्याच्या २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनरुभारणीसाठी २० कोटी ठेवले गेले. त्यातला नार्वेच्या सप्तकोटेश्वरासारख्या शिवकालीन, संरक्षित वास्तूच्या जतनावरचा खर्च मला मान्य आहे. पाडलेल्या प्रत्येक देवळाचा शोध घेऊन नवी देवळं उठवणं हे पुरातत्त्व खात्याचं काम नाही.

कुंपणावरची प्रकरणं उरतील, मला माहीत आहे. न्यायालयं त्यासाठीच आहेत.

एका बाबतीत तुझ्या शेजाऱ्यानं मात्र बाणा दाखवला. करोनाच्या वेळी देवळं बंद होती. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, तुम्ही अचानक सेक्युलर झालात की काय, असं खोचकपणे विचारलं. ज्या राज्यघटनेची शपथ घेऊन राज्यपाल राजभवनात बसले होते, तिच्या उद्देशिकेत १९७६ पासून तो शब्द आहे. तो टोमणा म्हणून वापरला गेला, यावरून वारं कुठल्या दिशेनं आहे ते समजावं. तरी देवळं बंद राहिली, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, आणि त्याला आधार पंचविसाव्याचाच होता: धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक आरोग्याच्या अधीन आहे, असं त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे.

तुला न्यायालयाकडून बळ मिळेल, याची मला फारशी आशा नाही. मोठ्या खंडपीठानं पंचवीस टक्क्यांचं ते उदाहरण बाजूला सारून तुला पुन्हा वाचायला हवं, पण त्यासाठी आधी कुणीतरी दारात जायला हवं, आणि तुझं नाव घेऊन जाणारे बहुतेक जण दुसऱ्याच्या धर्माचा खर्च मोजत जातात. स्वतःच्या धर्मावरचा खर्च मोजून गेलेला याचिकाकर्ता मला अजून दिसायचा आहे.

पत्र अनावृत आहे, म्हणून शेवटचं बोलणं वाचणाऱ्यांशी. दर वर्षी मार्चच्या आसपास राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्याची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला पत्र लिहा, की धर्माशी संबंधित प्रत्येक खर्चाचं लेखाशीर्ष, रक्कम आणि कारण एका पानावर सभागृहात मांडायला लावा. देणगी किती, सोयी किती, देवस्थानांकडून घेतलेले किती, तिन्ही रकाने वेगळे. आणि ते पान आलं, की आधी आपल्या धर्माची ओळ वाचा.

तुझा,
एक करदाता